छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि हरवलेला रिमोट

आमच्या वाचनालयाच्या सभागृहातला प्रोजेक्टर एप्सनचा आहे आणि तो छताला उलटा टांगलेला आहे. टेबलावरच्या प्रोजेक्टरचा रिमोट हरवला तर काही अडत नाही, हात पुढे करून अंगावरची बटणं दाबता येतात. आमची बटणं मात्र डोक्यावर, जमिनीकडे तोंड करून. रिमोट गेल्यावर सभागृह सांभाळणारे काका झाडूचा दांडा वर करून पॉवरचं बटण दाबायचे. बंद करताना तर दोनदा दाबावं लागतं, कारण पहिल्या दाबाला तो फक्त ‘बंद करू का?’ असं विचारतो. दुसरा नेम चुकला की काका सरळ भिंतीवरचा स्विच बंद करायचे. आमच्या जुन्या मॉडेलमध्ये दिवा विझल्यावरही पंखा काही वेळ फिरून तो थंड करतो, त्याआधीच वीज तोडणं दिव्याला चांगलं नाही. नवा दिवा रिमोटच्या कितीतरी पट महाग. तेव्हा ‘आपण बघतो’ म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

हुबेहूब दिसणारा डुप्लिकेट रिमोट ऑनलाइन मिळतो. घरी एकटा प्रोजेक्टर असेल तर तोच मागवा, पुढचं वाचायचीही गरज नाही. आमची अडचण वेगळी होती. मूळ रिमोटवर बटणांची गर्दी, त्यातली काकांना लागतात तीन. शिवाय व्याख्यान सुरू असताना ॲम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त करायला दुसरा रिमोट शोधावा लागायचा. मला दोन्ही कामं करणारा, मोजक्या आणि मोठ्या बटणांचा रिमोट हवा होता.

असा रिमोट पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत मिळाला, दोन-अडीचशे रुपयांत. त्याला दुकानदार ‘लर्निंग रिमोट’ म्हणतात. जुना रिमोट समोर धरायचा, त्याचं बटण दाबायचं, नवा ते पाहून शिकतो. “पण जुना हरवलाय,” मी म्हटलं. “मग काय शिकवणार त्याला, साहेब?” दुकानदार म्हणाला. प्रश्न बरोबर होता.

उत्तर कार्यकारिणीतल्या एका सदस्याच्या खिशात निघालं. त्यांच्या रेडमी फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा छोटा दिवा आहे. त्यावर ‘एमआय रिमोट’ ॲप उघडून प्रोजेक्टर, मग एप्सन निवडलं. ॲप एकेक कोड पाठवतं आणि विचारतं, यंत्र हललं का? थोड्याच वेळात वरचा निळा दिवा लागला. मग फोनच वापरा, असं लगेच कुणीतरी सुचवलं. पण फोन त्याच्या मालकाबरोबर घरी जातो आणि कार्यक्रम सगळे संध्याकाळी असतात. मला फोन हवा होता तो फक्त शिकवणीपुरता.

ॲपमध्ये मला हवी ती सगळी बटणं नव्हती. मग कोड हाताने लिहिता येतात असं दुसरं ॲप घेतलं आणि इंटरनेटवरच्या कोडच्या याद्या उघडल्या. इथे माझा बराच वेळ गेला आणि मजाही इथेच आली. एका यादीत पॉवरचा कोड होता ‘सी१एए०९एफ६’. दुसऱ्या यादीत त्याच बटणापुढे १३१, ८५, १४४ असे साधे आकडे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसेना.

कोड पाठवायला एप्सन वापरतं ती ‘एनईसी’ पद्धत. तिच्यात रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा. प्रत्येक बिटाला झोत सारखाच, पुढची शांतता छोटी असेल तर शून्य, लांब असेल तर एक. गोम ही की प्रत्येक आठ बिटांच्या गटातला सर्वांत लहान किमतीचा बिट आधी जातो. पहिली यादी बिट ज्या क्रमाने आले तसेच लिहिते, दुसरी ते उलटवून. पहिल्या यादीतली दोन-दोन चिन्हं म्हणजे आठ बिट थोडक्यात लिहायची ‘हेक्स’ पद्धत. ‘सी१’ म्हणजे ११०००००१, ते उलटं वाचलं की १०००००११, म्हणजे १३१. ‘एए’चे होतात ८५ आणि ‘०९’चे १४४. उरलेला ‘एफ६’ हा ‘०९’चाच उलट नमुना, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. यंत्र दोन्ही ताडून पाहतं, म्हणून भलत्याच किरणांनी प्रोजेक्टर आपोआप सुरू होत नाही. हे जुळल्यावर दोन्ही याद्यांतलं जे हवं ते घेता आलं.

शिकवणी अगदी सोपी झाली. फोन आणि रिमोट टेबलावर नाकासमोर नाक, मध्ये दोन बोटांचं अंतर. रिमोटचं ‘लर्न’ बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की शिकवायचं बटण दाबायचं, आणि मग फोनवरून कोड सोडायचा. दिवा लुकलुकला की शिकला. खिडकीतून ऊन येत होतं तोवर काही बटणं शिकायलाच तयार नव्हती. पडदे ओढल्यावर सुरळीत झालं. ॲम्प्लिफायरचा मूळ रिमोट शाबूत होता, त्यामुळे त्याचे आवाजाचे कोड थेट तिथूनच.

नवा रिमोट खरंच काही पाठवतोय का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतं. इन्फ्रारेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिव्याच्या जागी जांभळट उजेड दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा ते अडवणारी काच असते, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरावा.

आता रिमोटवर पॉवर, सोर्स, चित्र झाकणे, आवाज वर, आवाज खाली एवढंच आहे. चिकटपट्टीवर मराठीत लिहून प्रत्येक बटणाखाली लावलंय. काकांना वर, प्रोजेक्टरकडे नेम धरायचीही गरज पडत नाही. रिमोट समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे धरला तरी किरण परतून प्रोजेक्टरच्या पुढच्या डोळ्यात जातात.

एक फरक राहिला. मूळ रिमोटवर चित्र झाकण्याचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की चित्र उलटं-सुलटं होतं, छताला टांगणाऱ्यांसाठी ती सोय आहे. आमच्या रिमोटवर तेच बटण दाबून धरलं की चित्र नुसतं जातं-येतं. दर वेळी नवा दाब झाल्यासारखा तो सबंध कोड पुन्हा पाठवत असावा. मला हे बरंच वाटलं, निदान ऐन व्याख्यानात वक्त्याचे नकाशे उलटे होणार नाहीत. कधी उलटवायची वेळ आलीच तर मेनूत ‘प्रोजेक्शन’मध्ये जावं लागेल, आणि मेनूची बटणं मी मुद्दामच रिमोटवर ठेवलेली नाहीत. ती फोनवर आहेत. सगळे कोड डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रोजेक्टरच्या नोंदीखाली लिहून ठेवलेत, दोन्ही पद्धतींनी.