दुपारी पडतो, साहेब

रबाळे एमआयडीसीतल्या त्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा वायरमन काका दारातच म्हणाले, "साहेब, पॉवर फॅक्टर दुपारी पडतो. रात्रपाळीत बरा असतो." पॉवर फॅक्टर म्हणजे केबलमधून येणाऱ्या विजेतली किती प्रत्यक्ष कामाला लागते ते प्रमाण; एकच्या जितका जवळ तितका बरा, आणि तो सुधारायला कपॅसिटर बसवतात. मी मान हलवली आणि थेट कपॅसिटरकडे वळलो. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

छतावर सोलर बसवून सहा महिने झाले होते. युनिट घटले, पण बिल त्या मानाने उतरेना. मालकांच्या मुलाने ठपका काकांवर ठेवला होता, पॅनेलची देखभाल नीट होत नाही म्हणून. सोलरवाले सांगत होते की आमचे इन्व्हर्टर युनिटीवर, म्हणजे पॉवर फॅक्टर एकवर, चालतात, आणि ते खरंच तसे चालत होते.

मी टाँग टेस्टर, म्हणजे वायरला बाहेरून पकडून करंट मोजणारं मीटर, लावला. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर ३३ अँपिअरच्या आसपास घेतो. तिथले दोन विसाच्याही खाली होते. ते बदलायला लावले. पुढच्या बिलात काहीच फरक पडला नाही.

दुसऱ्या खेपेला ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलो आणि पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा वाजले. गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या एपीएफसी पॅनेलवर पॉवर फॅक्टर ०.९५, बाहेरची वीज जिथून आत येते त्या इनकमरच्या मीटरवर ०.६०. मी दोन्हीकडे चारदा फेऱ्या मारल्या.

मोल्डिंग मशीनच्या पंपांच्या मोटरींना काम करायला किलोवॅट लागतात आणि चुंबकत्व उभं करायला केव्हीएआर. केव्हीएआर खर्च होत नाहीत, मोटर आणि पुरवठा यांच्यात नुसते ये-जा करतात. पण त्यांचा करंट केबलला वाहावाच लागतो. कारखान्याचा भार २४० किलोवॅट, आणि कपॅसिटरनी भागवून उरलेले ८० केव्हीएआर. तिथे ०.९५ बरोबर आहे. भर दुपारी त्यातले १८० किलोवॅट सोलर देत होतं, म्हणजे बाहेरून घ्यायचे राहिले ६०. केव्हीएआर मात्र सोलर एकही देत नव्हतं, ते ८० च्या ८० बाहेरूनच येत होते. शाळेतला काटकोन त्रिकोण: ६०, ८०, कर्ण १००. शंभरातले कामाचे ६०, म्हणून ०.६०. राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे या कर्णावर, निघतं, त्यामुळे त्या तासाला ६० युनिट घेऊन आकारणी १०० वर.

कपॅसिटर कधी जोडायचे ते ठरवणाऱ्या एपीएफसीच्या रिलेला हे कळायला मार्गच नव्हता. त्याला करंट दाखवणारा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, सोलरच्या जोडणीच्या पुढे, मशीनच्या फीडरवर होता. तिथून सोलर दिसतच नाही. टार्गेट ०.९५ लावलेलं, ते मिळालं की तो गप्प. चांगले कपॅसिटर पॅनेलमध्ये मोकळे पडून. सोलर जोडताना सीटी कुठे आहे हे कुणी पाहिलंच नाही, याची मला मनापासून चीड येते. वर्षानुवर्षं हेच पाहतोय: जो तो आपला डबा बसवतो, आणि दोन डब्यांमधल्या वायरला वाली नसतो.

रविवारी शटडाउन घेऊन सीटी इनकमरवर, सोलरच्या अलीकडे आणला. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी, म्हणजे रिलेकडे जाणारी बाजू, उघडी राहिली तर जीव घेण्याइतकं व्होल्टेज चढतं. लाइन बंद होती, तरी मी सांगायच्या आधीच काकांनी तिची टोकं जोडणारी शॉर्टिंग लिंक लावलेली होती. रिलेही चार क्वाड्रंटचा, म्हणजे वीज आत येते की बाहेर जाते हे ओळखणारा, घेतला. सुट्टीच्या दिवशी सोलरची वीज उलटी बाहेर जाते, तेव्हा साधा रिले लॅगला लीड समजून, म्हणजे कपॅसिटर कमी असताना जास्त झाले असं समजून, ते काढून टाकतो. टार्गेट ०.९९ केलं.

सोमवारी दुपारी आम्ही दोघं पॅनेलसमोर उभे होतो. थोड्या थोड्या वेळाने कपॅसिटर जोडणारे तीन कॉन्टॅक्टर वाजले, ७५ केव्हीएआर आत आले. इनकमरवर ०.९९.

मग काकांनी कपाटातून वही काढली. सोलर सुरू झाल्यापासून दर दोन तासांचं इनकमरचं रीडिंग, बारा आणि दोनचे आकडे लाल पेनने. "मला का नाही दाखवलीत?" मी विचारलं. "तुम्ही मागितली नाहीत, साहेब."

रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिलं की पॉवर फॅक्टर दुपारी पडतो हे वायरमनने सहा महिने आधीच नोंदवलं होतं. मालकांच्या मुलाने ती ओळ माझ्यासमोर वाचली, पान उलटलं आणि खर्च किती झाला ते विचारलं. काका बाहेर उभे होते.