पालघटची स्क्रीन: आमची वाटचाल

लालबागच्या गाळ्यात दोन टेबलं, जाळी ताणलेल्या सागवानी चौकटी, म्हणजे स्क्रीन, आणि जाळीतून शाई दाबायची रबरी स्क्वीजी एवढ्यावर आमची कापडछपाई सुरू झाली. गेरूच्या कापडावर वारली छापायची म्हणजे सगळा खेळ पांढऱ्या शाईचा. ती जाळीत वाळली की अर्धा दिवस वाया. आमच्याकडे जाळी कधी चोंदली नाही, हे मी अभिमानाने सांगते.

आकृत्या पुस्तकातून ट्रेस केलेल्या. विचारलं कुणालाच नाही. लग्नाचा चौक तर आम्ही पायपुसण्यांवर छापला! दादरच्या प्रदर्शनात डहाणूकडच्या एक वारली चित्रकार ताई स्टॉलपाशी थांबल्या, वाकून बघितलं. म्हणाल्या, "मधे पालघट बसलीय. हिच्यावर पाय पुसायचे?" पालघट ही वारल्यांची देवी, लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिचा हा चौक काढतात, आणि धवलेरी म्हणजे त्यांची पुरोहित बाई गाणी म्हणत लग्न लावते, हे मला तिथे उभ्या-उभ्या कळलं. सगळी पायपुसणी गुंडाळून घरी आणली.

पुढे त्याच ताई आमच्या भागीदार झाल्या. चौक छापायचा नाही, ही पहिली अट. तारपा नाच, भातलावणी, मासेमारी त्या काढणार, नगामागे पैसे, कापडावर त्यांचं नाव. बांबूच्या काडीची त्यांची रेघ कुठे जाड, कुठे बारीक. ती तशीच उमटावी म्हणून मी स्क्रीनवर आकृती उतरवायची फिल्म तीन-तीनदा काढली आहे.

मग २०१६. एका व्यापाऱ्याने 'बघून परत देतो' म्हणत सहा नमुने नेले. महिन्याभरात तीच डिझाइनं बाजारात, कॉम्प्युटरवर रेघा सरळ करून, निम्म्या भावात. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते नाव राखतं. याने 'ट्रायबल प्रिंट' लिहिलं, मग कोण विचारणार? आमच्या दिवाळीच्या ऑर्डरी रद्द झाल्या, चार महिन्यांचं भाडं थकलं, माझ्या बांगड्या गहाण पडल्या. अजून तो दिसला की मी रस्ता ओलांडते. ताईंनी चार महिने एक पैसा मागितला नाही. मी रडत म्हटलं, "आपलं चोरलं हो." त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकातून उचललं तेव्हा आमचंही असंच गेलं." मला उत्तर सुचलं नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, नमुना देताना सहीची पावती घ्या, कापडाचा कोपरा कापून द्या. आणि दुसऱ्याच्या घरातली आकृती घेताना ती कुठे काढतात, कुठे काढत नाहीत, हे आधी त्यांनाच विचारा. आदर म्हणून वापरली असं म्हणत असाल, तर नाव छापा आणि पैसे द्या.

चौकाची ती स्क्रीन मी ब्लीचने धुतली. आकृती धरणारा लेप, म्हणजे इमल्शन, निघालं, जाळीवर चौकाची पुसट सावली राहिली. त्या स्क्रीनवर आम्ही दुसरं काही छापत नाही.