पंधरावी ओळ

क्रीडा पान लावणाऱ्या उपसंपादकानं कुठल्याच संघाचा चाहता असू नये म्हणतात. कोल्हापुरात हे पाळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमचे ऑपरेटर दादा मंगळवार पेठेतले. शाहू स्टेडियमवर त्यांच्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की दादांचं पोट हमखास दुखतं आणि मॅच हरली की दोन दिवस कीबोर्डचं काही खरं नसतं.

मला पेठ नाही. वडिलांची बदलीची नोकरी, सगळं बालपण भाड्याच्या घरांत गेलं, त्यामुळे तालीमही नाही. पेठ नसलेल्या पोरानं कुठली तरी पेठ धरावी तशी मी इंग्लंडच्या फुटबॉलमधली मँचेस्टर युनायटेड धरली. २१ मे २००८ ची मॉस्कोतली चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची फायनल, चेल्सीवर पेनल्टी शूटआउटमध्ये विजय, आणि मी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर उशी तोंडात धरून, कारण त्यांचं तान्हं बाळ झोपलं होतं. ती तारीख डोक्यात पक्की बसली. बरोबर १७ वर्षांनी, २१ मे २०२५ ला, युनायटेड पुन्हा युरोपातली एक फायनल खेळणार होती आणि ते पान माझ्याकडं होतं.

त्या मोसमाची गंमत म्हणजे तो मी पानावर स्वतःच्या हातानं बारीक करत आणला होता. ऑगस्टमध्ये फुलहॅमला १-० हरवलं तेव्हा फोटोसह तीन कॉलम दिले. लिव्हरपूलनं घरात येऊन ०-३ केलं, महिनाभरात टॉटेनहॅमनंही तेच केलं, तेव्हा दोन कॉलम. ऑक्टोबरच्या शेवटी प्रशिक्षक टेन हाग यांना काढलं, ती बातमी मात्र मोठी लागली. माणूस गेल्याची बातमी नेहमीच मोठी लागते. मग पोर्तुगालहून रुबेन आमोरिम आले, तीन बचावपटूंची पद्धत घेऊन. त्या पद्धतीत बसणारे खेळाडू संघात होते का, हा प्रश्न मला आजही पडतो. जानेवारीत ब्रायटनकडून हरल्यावर त्यांनीच सांगून टाकलं की हा क्लबच्या इतिहासातला कदाचित सर्वांत वाईट संघ असेल. ते वाक्य मी चौकटीत लावलं. नंतर नंतर युनायटेडची हार 'संक्षिप्त'मध्ये चार ओळींत जायला लागली. जागा नव्हती हे खरं. पण जागा काढावी असंही वाटत नव्हतं.

युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत मात्र हाच संघ वेगळ्याच अंगात खेळत होता. फायनलपर्यंत एकही मॅच हरला नव्हता. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या ल्योंविरुद्ध जादा वेळेत २-४ मागे पडून शेवटच्या काही मिनिटांत ५-४! मॅग्वायरचा हेडर जाळ्यात गेला तेव्हा आपल्याकडं तीन वाजले होते. आवृत्ती केव्हाच छापून गाड्यांत चढली होती. मोसमातली एकमेव वेडी रात्र आमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी आली, शिळी, सिंगल कॉलम.

या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं. मॅच साडेबाराला सुरू होणार. डाक आवृत्तीचा प्रश्नच नव्हता. चंदगड, आजरा, गडहिंग्लजची पानं आधीच सुटतात. गडहिंग्लज म्हणजे जिल्ह्यातलं दुसरं फुटबॉलवेडं गाव, आणि नेमकं त्यांनाच निकाल मिळत नाही. याबद्दल दर वर्षी एक तरी पत्र येतं. शहर आवृत्तीचं पान एरवी सव्वाला सोडायचं. मी साहेबांकडून दोनपर्यंतची मुदत मागून घेतली.

"मुंबई इंडियन्सची लीड आहे ना?" साहेब म्हणाले.

होती. वानखेडेवर दिल्लीला ५९ धावांनी हरवून मुंबई प्ले-ऑफमध्ये पोचली होती, सूर्यकुमार नाबाद ७३. वरचं अर्धं पान तेच होतं. फायनलला खाली दोन कॉलम.

बाहेर वळवाचा पाऊस धरला होता. दादांनी विचारलं, "हेडिंग दोन करून ठेवूया काय? जिंकलं तर एक, हरलं तर एक." रात्रपाळीची रीत तीच आहे. मी जिंकल्याचं दिलं, 'युनायटेडचा मोसम तरला'. हरल्याचं दिलं नाही. हरल्याचं आधी लिहून ठेवलं की हरतात, असं मनानं घेतलं होतं. दादांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. त्यांच्या पेठेत यापेक्षा मोठे नवस चालतात.

बिल्बाओत समोर टॉटेनहॅम होती. म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १६ व्या आणि १७ व्या क्रमांकावरच्या दोन संघांत युरोपचा करंडक आणि पुढच्या चॅम्पियन्स लीगची जागा. दादांना हे काही केल्या पटेना. "सोळावा आणि सतरावा? मग आमच्या पोरांनी काय पाप केलंय?" त्यातून त्या मोसमात टॉटेनहॅमनं युनायटेडला आधीच तीनदा हरवलेलं.

खेळ रटाळ होता. ४२ व्या मिनिटाला डावीकडून क्रॉस आला, टॉटेनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनचा धड पाय लागला नाही, चेंडू आमच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला आणि कसाबसा घरंगळत रेषेच्या आत गेला. असल्या गोलनं मोसम संपावा? शाहू स्टेडियमवर असा गोल झाला असता तर गॅलरीनं निदान दहा मिनिटं वाद घातला असता.

दोन वाजायला पाच मिनिटं कमी असताना टॉटेनहॅमचा गोलकीपर चुकला, आमच्या हॉयलुंडनं रिकाम्या गोलकडं हेडर मारला आणि त्यांच्या व्हॅन डी व्हेननं रेषेवरून उलटी उडी मारून पायानं चेंडू बाहेर काढला. मी उभाच राहिलो. तेवढ्यात प्रेसमधून मामांचा फोन.

"पान कुठाय ओ? एवढी एकच प्लेट राह्यलीय. शहराच्या गाड्या पावसात उभ्या हायेत."

"मामा, अर्धा तास."

"अर्धा तास? क्रिकेटची हाय काय?"

"नाही, फुटबॉल."

पलीकडं जरा शांतता. मग आवाज बदलला. "कोण कोण हाय?" सांगितलं. "अडीचला प्लेट पायजे. मिनिटभर पुढं न्हाय." नंतर कळलं, मामांनी एकेकाळी तालमीकडून गोलकीपिंग केलं होतं.

शिट्टी वाजली तेव्हा माझ्याकडं चार मिनिटं होती आणि हेडिंग नव्हतं. मुद्दे भरपूर होते: टॉटेनहॅमचा २००८ नंतरचा पहिला करंडक, युरोपातला १९८४ नंतरचा पहिला, युनायटेडला २०१४-१५ नंतर प्रथमच युरोपात जागा नाही. हात मात्र हलेना. दोन कॉलमांत 'टॉटेनहॅम' आणि 'युनायटेड' ही दोन्ही नावं त्या पॉइंटात, म्हणजे अक्षरांच्या त्या आकारात मावत नाहीत, हे वर्षभर पानं लावून मला पाठ होतं. एक नाव काढावं लागणार होतं. दादांनी मला न विचारता टाइप केलं, 'टॉटेनहॅमला युरोपा करंडक'. बसलं. पीडीएफ गेली. माझं ते 'तरला' वालं हेडिंग त्यांनी डिलीट केलं आणि ट्रॅशही रिकामा केला. ऑफिसात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून असावं.

पावणेतीनला खाली टपरीवर आम्ही चहा घेतला. दादांनी पैसे दिले. हे क्वचित घडतं.

रविवारी, २५ तारखेला, लीग संपली. शेवटच्या दिवशी युनायटेडनं ॲस्टन व्हिलाला २-० हरवलं. एकूण ४२ गुण, ३८ पैकी १८ पराभव, क्रमांक १५. प्रीमियर लीग या नावानं स्पर्धा सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात खालचा. आम्ही गुणतक्ता लावतो तो पहिल्या दहाचा. मी तसाच दिला आणि जाहिरातींची जागा बघायला गेलो.

परत आलो तर तक्ता लांबला होता. दादांनी पॉइंट साइज कमी केली होती, ओळींमधली जागा दाबली होती, शेजारच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद उडवला होता. पंधरा ओळी बसवल्या होत्या. पंधरावी युनायटेडची.

"वाचता येईल का एवढं बारीक?" मी विचारलं.

"ज्याला वाचायचंय तो वाचतोय." मग स्क्रीनवर बोट ठेवून ते वरून खाली एकेक नाव बघत गेले. "आणि कप जिंकलेली ती टीम कुठाय?"

"सतरावी."

"मग ती न्हाय बसत," दादा म्हणाले आणि पान सोडलं.