आमची वाटचाल : सूचना नंतर, आधी सेव्ह पाठवा

२०१४ च्या पाडव्याला मी आणि माझ्या भागीदाराने आयटीतल्या नोकऱ्या सोडल्या आणि कर्वेनगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अवकाशातला स्ट्रॅटेजी गेम करणार, असं घरी सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ग्रह घ्यायचे, तिथून खनिज आणायचं, विकायचं, त्या पैशांतून आणखी ग्रह घ्यायचे. असंच ना? मग मार्केट यार्डात गाळा का नाही घेत?" उत्तर नव्हतं. पाच वर्षांनी एका गाळेवाल्यानेच आमची कंपनी वाचवली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण १९९३ साली मास्टर ऑफ ओरायन या अवकाशातल्या गेमबद्दल लिहिताना ॲलन एमरिक यांनी '४एक्स' (शोधा, पसरा, पिळा, संपवा अशा गेमचं नाव) हा शब्द काढला, तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या मागे एकच तक्रार लागलेली आहे. पहिले शंभर टर्न, म्हणजे पाळ्या, मजेचे, पुढचे दोनशे कारकुनीचे. साठ ग्रह झाले की साठ बांधकामांच्या रांगा. २०१७ मध्ये आम्ही अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट गेमच विकायला ठेवून, उतरलो आणि महिन्याभरात हीच तक्रार इंग्रजी, रशियन, चिनी अशा सगळ्या भाषांत येऊन पडली. प्रत्येकाकडे उपायही तयार. एकाला जहाजं कमी हवीत, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला लढाया थ्रीडीत, चौथ्याला त्या काढूनच टाकायच्या आहेत.

त्या ढिगात एक मराठी ईमेल होती. "आपल्या गेमच्या बाजारात आवक कितीही वाढली तरी भाव हलत नाही. असा बाजार मी पाहिला नाही. सोबत फाइल जोडली आहे." लिहिणारे नारायणगावच्या टोमॅटो बाजारातले आडते. आम्ही त्यांना शेठ म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, आणि दोघांनाही ते खरं वाटत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, लहानपणापासून बघत आलेला माणूस. अवकाशाची आवड तिथली, आणि हिशेबाची बाजारातली.

त्यांचं म्हणणं तपासायला मी एक छोटं हत्यार लिहिलं. नाव ठेवलं 'पंचनामा'. सेव्ह फाइल, म्हणजे खेळाडूने जपून ठेवलेला खेळ, त्यात टाकली की प्रत्येक साम्राज्याचा तक्ता बाहेर पडतो: कुठल्या टर्नला किती खनिज, किती जहाजं, आणि तो टर्न मोजायला किती मिलिसेकंद लागले. दिसायला भिकार, काळ्या पडद्यावर नुसते आकडे. पण दहा वर्षांत आम्ही इंजिन बदललं, ऑडिओची लायब्ररी दोनदा बदलली, खुर्च्यासुद्धा बदलल्या; पंचनाम्याला हात लावला नाही.

शेठच्या फाइलीत १,१४० व्या टर्नला ३८ सेकंद लागत होते. बाकीचे खेळाडू "शेवटी गेम स्लो होतो" एवढंच लिहायचे आणि आम्ही ग्राफिक्समध्ये शोधत बसायचो. शेठने प्रत्येक मालासाठी वेगळं जहाज ठेवलं होतं, बाजारात प्रत्येक मालाचा टेम्पो वेगळा असतो तसं. नऊशे मालवाहू जहाजं, आणि प्रत्येक जहाज दर टर्नला नव्याने ए-स्टार ही वाट शोधायची गणनपद्धत चालवून आपला मार्ग शोधतंय. एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्यांचा मार्ग एकदाच काढायचा आणि मधली लेन, म्हणजे वाट, तुटली तरच पुन्हा मोजायचा, एवढं केल्यावर ३८ चे ४ सेकंद झाले. सूचनांच्या शंभर ईमेलींनी जे कळलं नाही ते एका सेव्हने दाखवलं. तेव्हापासून आमचं पहिलं उत्तर ठरलेलं: सूचना नंतर, आधी सेव्ह पाठवा.

हे शहाणपण तेव्हाच पूर्ण अंगी लागलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

२०१८ च्या फेब्रुवारीत स्टेलारिस या अवकाशातल्याच गेमच्या २.० आवृत्तीने प्रवासाच्या तीन पद्धतींतल्या दोन काढून सगळ्यांना हायपरलेनवर, म्हणजे ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांवर, आणलं, तेव्हा खेळाडूंनी केवढा गदारोळ केला ते आम्ही मजेने वाचलं होतं. आपण असं करणार नाही, म्हणालो. आणि दीड वर्षाने त्याहून वाईट केलं.

साठ रांगांच्या कारकुनीवर तोडगा म्हणून 'सुभेदार' आणायचे ठरले. ग्रह सुभेदाराकडे सोपवायचा, बांधकाम तो बघेल. ही मागणी कोणाची होती? रोज लिहिणाऱ्या वीस-पंचवीस जणांची. बाकीचे हजारो मुकाट्याने खेळत होते आणि मुकाट्याने खेळणाऱ्याचं मत कोणी मोजत नाही. वर्षभर खपून आम्ही सुभेदार बनवले आणि २५ ऑक्टोबर २०१९ ला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, बिल्ड (नवी आवृत्ती) सोडलं. शुक्रवार होता. (शुक्रवारी बिल्ड सोडू नका. हे तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही सोडाल.)

सुभेदारांना शत्रू जवळ दिसला की जहाजगोदी बांधायची मुभा होती. 'जवळ' याची मर्यादा टाकायची राहिली होती, त्यामुळे त्यांना सगळेच शत्रू जवळ वाटत होते. ज्याने साठ ग्रह सोपवले त्याच्या साठ गोद्या झाल्या आणि चार टर्नमध्ये खजिना रिकामा. हे एका रात्रीत दुरुस्त झालं असतं. खरा घाव दुसरीकडे होता: जुने सेव्ह उघडेनात. सुभेदारांसाठी आम्ही ग्रहाच्या नोंदीची रचना बदलली होती आणि फाइल कुठल्या आवृत्तीची आहे हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवीन गेम जुनी फाइल नव्या साच्यात वाचायचा आणि कोसळायचा. दोन-दोन वर्षं जपलेली साम्राज्यं एका अपडेटने गेली.

आता कबूल करतो. २०१५ मध्ये सेव्हचा कोड माझ्या भागीदाराने लिहिला, तेव्हाच तो म्हणाला होता की, पहिल्या चार बाइटमध्ये आवृत्तीचा क्रमांक टाकूया. "डेमो होऊ दे, मग बघू," असं मी म्हणालो. डेमो झाला, मग बघितलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये तो आमच्यातून निघाला आणि दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीत गेला, जी आमच्यासारखाच गेम काढत होती. त्यात गैर काही नाही, असं मी लोकांना सांगतो.

आमचा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात विकला जातो. तिथे विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आमच्या जुन्या खेळाडूंचे पाचशे-पाचशे तास झालेले. त्यांना पैसे मिळणार नव्हते, म्हणून त्यांनी शिव्या लिहिल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमची तिथली रिव्ह्यूंची पाटी 'मोस्टली पॉझिटिव्ह'वरून 'मिक्स्ड'वर आली, म्हणजे चांगले रिव्ह्यू सत्तर टक्क्यांच्या खाली. पुढच्या आठवड्यात विक्री जवळपास थांबली.

आणि त्याच आठवड्यात त्या दुसऱ्या कंपनीने जाहिरात टाकली: आमच्याकडे जुने सेव्ह उघडतात. अहो, त्यांचा गेम बाजारात येऊन तीन महिने झाले होते, जुने सेव्ह आणणार कुठून? पण लोक हसले आणि तिकडे गेले. मी त्यांचा गेम विकत घेऊन उघडला. रिफायनरीच्या टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेला की दिसणाऱ्या माहितीत, आमचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्यापासून चुकलेलं होतं, 'ई'च्या जागी 'ए'. त्यांच्या रिफायनरीतही 'ए'. वकिलाने सांगितलं की, स्पेलिंगच्या चुकीवर मालकी सांगता येत नाही. त्या फीची पावती मी ठेवली आहे.

खात्यात दोन महिन्यांचे पगार होते. पाच जणांतले दोघे गेले. उरलेल्या आम्ही तिघांनी गुढीपाडव्यापर्यंत एका रमीच्या ॲपसाठी पत्ते रंगवून दिले. चौकट, बदाम, इस्पिक, किलवर. गुलामाच्या मिशा तीनदा बदलून मागितल्या. दिवसा गुलाम, रात्री जुने सेव्ह नव्या साच्यात आणणारा कन्व्हर्टर. पण कन्व्हर्टर तपासायचा कशावर? मधल्या काळात आम्ही अठरा आवृत्त्या काढल्या होत्या आणि प्रत्येकीची फाइल थोडी वेगळी. आमच्याकडचे जुने सेव्ह डिस्क भरली म्हणून पुसलेले. खेळाडूंकडे मागावे, तर ते बोलायला तयार नव्हते, आणि ज्यांनी पाठवले त्यांचे एकाच आवृत्तीचे.

नोव्हेंबरमध्ये शेठचा फोन आला. त्या वर्षी दिवाळीत पाऊस थांबला नव्हता. जुन्नर भागात द्राक्षांचं आणि टोमॅटोचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, त्यामुळे ते गेमबद्दल बोलतील असं वाटलं नव्हतं. म्हणाले, "माझ्याकडे सगळे आहेत." सगळे म्हणजे? "सगळे. पहिल्या दिवसापासून. अपडेट आलं की आधीची फाइल तारीख टाकून वेगळी ठेवतो." नेटवरून पाठवताना फाइल मध्येच तुटायला लागली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते स्वतःच शिवाजीनगरला उतरले. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्यावर ४१ फाइली, अठराही आवृत्त्यांच्या, नावात तारखेसकट. मी विचारलं, एवढं कशाला ठेवलंत? त्यांना प्रश्नच कळला नाही. "जुनी वही फाडत नसतात, साहेब."

चहा घेतला, आमच्या स्क्रीनवरचे किलवर बघितले, काही बोलले नाहीत.

त्या ४१ फाइलींवर कन्व्हर्टर घासूनपुसून फेब्रुवारीत सोडला. सोबत जुन्या आवृत्त्या स्टीमच्या बीटा शाखांमध्ये, म्हणजे खेळाडूला निवडता येतील अशा, ठेवल्या, ज्याला जुन्यातच राहायचं त्याने राहावं. स्टेलारिसवाले हे करतात. आम्ही त्यांच्या खेळाडूंचा गदारोळ वाचला, ही सोय वाचली नव्हती. पाटी परत वर चढायला सात महिने लागले. तो पेनड्राइव्ह मी परत करायला गेलो तर शेठ म्हणाले, असू द्या, माझ्याकडे दुसरी प्रत आहे. आता तो राउटरशेजारी खिळ्याला टांगलेला असतो.

त्यानंतरची तीन-चार वर्षं बरी गेली.

नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. सेव्हच्या पहिल्या चार बाइटमध्ये क्रमांक टाका, आज टाका. रिव्ह्यू जेवणाआधी वाचू नका. "एआय (संगणक चालवतो तो प्रतिस्पर्धी) मूर्ख आहे" अशी तक्रार आली तर एआयला उत्पादनात बोनस देऊन मोकळे होऊ नका. खेळाडू आठ दिवस "किती हुशार झाला" म्हणतात, नवव्या दिवशी चोरी पकडतात. आणि मराठीत गेम काढणार असाल तर मजकुराचं शेपिंग, म्हणजे अक्षरं आणि मात्रा जागेवर जुळवणं, आधी तपासा. आमच्या जुन्या इंजिनात 'विज्ञान'ची वेलांटी 'व'च्या मागे जाऊन 'ज्ञ'वर बसायची. हार्फबझ ही त्याच कामाची लायब्ररी जोडल्यावर जागेवर आली. ही चूकही शेठनेच कळवली, आणि ते सौजन्याने म्हणाले की, अर्थ लागतो.

त्यांची पहिली तक्रार, भावाची, मात्र सहा वर्षं पडून होती. आमचा भाव साम्राज्याच्या एकूण साठ्यावर ठरायचा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि सप्टेंबर येईस्तोवर पार कोसळला, तेव्हा त्यांनी फोनवर तासभर समजावलं की, साठा वेगळा आणि आवक वेगळी. भाव आज दारात काय उतरलं त्यावर फुटतो. मी म्हटलं, लोखंड टोमॅटोसारखं सडत नाही. ते म्हणाले, "गोदामाचं भाडं सडतं ना?" आता आमचा बाजार प्रत्येक स्थानकावर गेल्या पाच टर्नमधली आवक बघतो आणि साठ्यावर भाडं लावतो. चीनमधल्या एका खेळाडूने लिहिलं की, हा बाजार कोणीतरी माल विकलेल्या माणसाने बनवलाय.

गेल्या महिन्यात शेठची नवी फाइल आली, टर्न २,३१०. सोबत एक ओळ: "शंभर जहाजं एका टर्नमध्ये रिकामी होतात. हमाल कुठे आहेत?" गोदीवर उतराईची मर्यादा घालून बघितली. एआयचे तांडे स्थानकाबाहेर अडकून पडतात आणि टर्न ४ वरून ९ सेकंदांवर जातो. आमच्या कामांच्या यादीत ही नोंद उघडी आहे. नाव 'हमाल'.