चौथं कुत्रं

बेळगावात खडेबाजारच्या मागच्या गल्लीत आमचं फ्रेमचं दुकान, बाबांच्या वेळचं. काम म्हणजे लग्नाचे फोटो, मानपत्रं आणि देव. परवा धो धो पावसात खानापूरकडच्या एक आज्जी नातवाला घेऊन आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दत्ताची जुनी फ्रेम. मागनं वाळवी लागलेली, काच काढली तर खालचा उजवा कोपरा भुगा होऊन हातात आला. प्रेसचं नाव तिथंच असणार, त्यामुळं चित्र मळवलीच्या रविवर्मा प्रेसचं की नंतर कुणी केलेली नक्कल हे कळायला मार्गच नाही. आणि चार कुत्र्यांतलं एक गायब.

चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आमच्याकडं पोरांनाबी पाठ असतंय, त्यामुळं तीन वेदांवर आज्जींचं भागणार नव्हतं. म्हटलं काढून देतो की, त्यात काय. तर आज्जी हळूच म्हणाल्या, "त्या जागी आमचा मोत्या काढशील काय रे बाबा? गेल्या शिमग्याला गेला." नातवानं लगेच मोबाईल पुढं केला. मुधोळच्या शिकारी कुत्र्याचा क्रॉस. काटकुळा, निमुळतं तोंड, पोट आत गेलेलं.

मी हो म्हटलं आणि अडकलो. दुपारभर दुकानातले देव भिंतीवरनं खाली उतरवून नुसती कुत्री बघत बसलो, वीस वर्षं यांना काचा लावतोय पण कधी बघितलंच नव्हतं ओ! खंडोबाच्या घोड्याबरोबर पळणारं, काळभैरवाच्या पायाशी बसलेलं, साईबाबांच्या बाजूचं, बहुतेक एकाच साच्यातली, गुबगुबीत, साहेबाच्या बंगल्यातनं आणल्यासारखी. देवाच्या डोळ्यात जीव ओतायचा आणि कुत्र्याला ब्रशला उरलेला रंग. इथनं मुधोळ किती लांब? तरी आमच्याकडचं कुत्रं एका फोटोत नाही, याचा खरं सांगायचं तर रागच आला.

कुत्र्यासाठी म्हणून केलेलं काम मला एकच आठवलं, बेंगळूरच्या म्युझियममध्ये आहे, मंड्याकडच्या आतकूरचा दहाव्या शतकातला दगड. काळी नावाचं शिकारी कुत्रं रानडुकराशी झुंजलं, दोघंबी मेली, तर त्या कुत्र्यासाठी हा दगड उभा केला आणि दोघांची झुंज त्यावर कोरली. तिथं कुत्रं कुणाच्या पायाशी बसलेलं नाही.

दुसरं आठवलं ते एचएमव्हीच्या रेकॉर्डीवरचं. आमच्या बाबांकडं सुळेभावीच्या कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी होत्या, तेव्हापासनं ते भोंग्यात बघणारं कुत्रं डोक्यात बसलंय. निपर त्याचं नाव. बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकारानं ते चित्र १८९८ मध्ये काढलं, निपर मरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. आणि आधी त्यात दुसऱ्या कंपनीचं मशीन होतं, ग्रामोफोन कंपनी, म्हणजे पुढची एचएमव्हीवाली, म्हणाली आमचं काढशील तर घेतो, तर त्यानं जुन्यावरच नवीन रंगवलं. म्हणजे मेलेलं कुत्रं आणि वर दुरुस्ती, दोन्ही त्यानं करून ठेवलंय. मग मला कसली लाज?

तरी मूळ चित्राला ब्रश लावला नाही. बाबा असते तर हातच मोडला असता. वेगळ्या कागदावर मोत्या काढला, चहाच्या पाण्यानं कागद जुना केला आणि खळ लावून मागनं चिकटवला, उद्या कुणाला नको झाला तर निघंल. फक्त अंगाचा रंग बाकीच्या तिघांसारखा पांढरट ठेवला, नाहीतर लांबनंच कळलं असतं.

आठ दिवसांनी आज्जी आल्या. चष्मा पुसून फ्रेम जवळ घेतली, दत्ताकडं बघितलंच नाही, थेट खाली.

"कान चुकला की रे. डावा असा ताठ नव्हता, लहानपणी मांजरानं फाडलेला त्याचा."

फोटोत तो कान पलीकडच्या बाजूला होता, मला कसा दिसणार? त्यांना स्टुलावर बसवलं, शेजारच्या पोराला चहा सांगितला आणि मागच्या टाचण्या परत उपसायला घेतल्या.