भाऊ, मेट्रो आपल्या कामाची हाये का?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलूच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहताना कोणी ना कोणी हा प्रश्न टाकतंच. महिन्यातून दोनदा मी बाबांना तपासणीसाठी नागपूरला नेतो, म्हणून गावाने मला मेट्रोचा जाणकार ठरवून टाकलंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण आधी तुम्ही सांगा, काम नागपुरात कुठे आहे?

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जायचं असेल तर मेट्रो विसरा. आपल्याकडचे किती तरी लोक नागपूर गाठतात ते मेडिकलसाठीच, आणि मेट्रो नेमकी तिथे जात नाही. आपली एसटी बुटीबोरीवरून वर्धा रोडनेच शहरात शिरते. खापरीपुढे मेट्रोही तोच रोड धरते. मग खापरीला उतरायचं, पिशव्या सांभाळत मेट्रो धरायची, अजनी चौकात खाली उतरून परत ऑटो शोधायचा, हा उपद्व्याप कशाला? शिवाय बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांना एसटीत तिकीटच नाही. आईला 2023 पासून अर्धं. ही सवलत मेट्रोच्या खिडकीवर चालत नाही.

काम शंकरनगर, धरमपेठ, नाहीतर पार इंदोऱ्याला असेल, तर मात्र डोळे मिटून मेट्रोत बसा. एक लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर; बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, गाडी बदलायची. मेयोला, म्हणजे दुसऱ्या सरकारी दवाखान्यात, जायचं तर दोसर वैश्य चौकात उतरा. मार्च 2019 मध्ये नुसतं खापरी ते बर्डी सुरू झालं होतं, चारही टोकं जोडायला डिसेंबर 2022 उजाडलं.

आईला डोळे दाखवायला शंकरनगरला नेलं, तेव्हाची गोष्ट. आत शिरताना तिकिटाचा कागद मशीनला दाखवला, फाटक उघडलं. तिने तो कागद चार घड्या घालून पदराच्या गाठीत बांधला. एसटीचं तिकीट ती आयुष्यभर तसंच ठेवत आली. उतरल्यावर फाटक काही उघडेना. बाहेर पडतानाही तोच कागद दाखवायचा असतो, आणि त्याचा तर पार चुरगळा झालेला. तिथल्या पोरीने तो तळहातावर घासून सरळ केला, दोनदा दाखवला, तेव्हा सुटका झाली. "माय, मले वाटलं चेकर येईन," आई म्हणाली. बाबा मात्र वर्धा रोडवरच रमले होते: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, त्याच्याही वर आपण. ते एवढंच बोलले, "सिमेट किती लागलं असन!"

आता दुसऱ्या टप्प्यात 43.8 किलोमीटर आणखी होणार आहे, त्यातला एक फाटा बुटीबोरीपर्यंत. होईल तेव्हा होईल. माझं दुखणं वेगळंच आहे. सेलूहून आमच्या गावाची शेवटची गाडी साडेसहाला सुटते. त्या दिवशी डॉक्टरकडे नंबर उशिरा लागला, सेलूत पोचलो तोवर आठ वाजले होते. भाच्याला दोनदा मोटरसायकल आणायला लावली. पहिल्या खेपेत बाबा गेले. दुसऱ्या खेपेत भाचा पुढे, मी मागे, मधे आई, डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी. गावचा फाटा लागला तशी ती मागे न वळता म्हणाली, "मेट्रो तं रातच्या दहापर्यंत राह्यते म्हने."