वरून आलेला हात

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, तीन मुलं येतात. खिचडी झाली की तिघंही गायब. विचारलं तर खाली बघायची. घरी बोली कोलामी; ती द्राविडी कुळातली, तेलुगू-गोंडीच्या गोतातली. शक्यतो मातृभाषेतून शिकवावं, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. आमच्याकडे कोलामी येणारा एकही शिक्षक नाही. म्हणून कागद वाटले आणि म्हटलं, दुपारच्या सुट्टीचं चित्र काढा.

पोडावरच्या दुसरीतल्या मुलीचं चित्र सगळं काळं-तपकिरी. प्रशिक्षणात तक्ता मिळाला होता, काळा रंग म्हणजे भीती, दुःख. मी तसं लिहायलाही घेतलं. मग रंगीत खडूंची पेटी वर्गात कशी फिरते ते आठवलं. पुढच्या ओळीपासून निघते. पोडावरची मुलं दाराशी, शेवटी. तिथवर लाल-पिवळा उरतच नाही. बसायच्या जागा मीच ठरवलेल्या. असले तक्ते आधी जाळले पाहिजेत.

आता चित्र नीट पाहिलं. रांजण, त्याच्यापुढे ओंजळ धरलेली इवलीशी मुलगी. वरून एक हात पाणी ओततोय, मुलीपेक्षा मोठा. हाताला माणूस नाही, कागदाच्या कडेतून सरळ आत आलेला. पाच बोटं, मनगटात चार बांगड्या. बाकीच्यांच्या चित्रांत जो तो आपल्या हातानं ओगराळं बुडवतोय.

तिच्या चौथीतल्या भावाला कोलामीत विचारायला लावलं, हा हात कोणाचा? ती बोलली नाही. स्वयंपाकखोलीकडे बोट केलं.

"त्यायले वरूनच देतो मॅडम, पयलेपासून," खिचडी शिजवणाऱ्या ताई सहज म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पाणी तर मिळते ना. हे उत्तर मला अजून सहन होत नाही. पण दोन वर्षं त्याच रांजणावरून माझी रोज ये-जा होती. ओंजळ दिसायची. मला वाटायचं, गिलास कमी असतील.

दुसऱ्या दिवशी ओगराळं मुलांच्या हाताला येईल असं खिळ्याला अडकवलं, ताईंनाही बजावलं. सुट्टीत ती रांगेत आली. नंबर लागला. ओगराळं तिच्या खांद्याशीच लटकत होतं. तिनं ओंजळ पुढे केली आणि वर बघत उभी राहिली.